बिनआधाराचं धुराडं

भेग आधी मीच पाहिली. स्वयंपाकघराच्या छतावरून ती थेट कोपऱ्यापर्यंत गेली होती.

"इडवाल, हे बघ!"

नवऱ्याने मान वर केलीच नाही. "जुनं घर आहे, मेन्ना. कुरकुरणारच."

जुनं म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, तीन मजली, संरक्षित यादीतलं. आमच्या गावात अशा घराची साधी खिडकी बदलायची तरी कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला, विचारावं लागतं. आणि या शहाण्याने मार्चमध्ये काय केलं? माझा नवा ओटा बसावा म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीतली शेकोटी आणि तिच्यामागचा विटांचा अख्खा खांब फोडून काढला. कुणाला न विचारता! त्याच खांबावर वरच्या दोन्ही मजल्यांचं धुराडं उभं होतं, छपराबाहेरच्या टोकापर्यंत. आता ते कशावर उभं होतं, देव जाणे. मीही गप्प बसले होते. ओटा मलाच हवा होता ना!

आणि बरोबर स्वयंपाकघराच्या वर माझ्या सासूबाईंची, नेस्टाबाईंची खोली. पाय गेल्यापासून त्या पलंगावरच.

"गवंड्याला बोलाव," मी म्हटलं.

"म्हणजे तो गावभर करील. खटला भरतात, मेन्ना. तुरुंगात टाकतात!"

मंगळवारी सकाळी चहा ओतत होते, तर कपात चुन्याची धूळ पडली. वर पाहिलं. भेगेत आता बोट गेलं असतं. मी सरळ कौन्सिलला फोन लावला.

"वेड लागलंय का तुला?" इडवाल धावत आला.

पलीकडच्या बाईने माझं एकच वाक्य ऐकलं आणि विचारलं, "वरच्या खोलीत कोण आहे?"

"सासूबाई."

"आत्ताच्या आत्ता बाहेर काढा त्यांना. बाकीचं मग."

मी ते ओरडून इडवालला सांगितलं, तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही वर धावलो. भिंतीत आत कुठेतरी विटांवर विटा घासल्यासारखं कर्रकर्र वाजत होतं.

"काय रे, आग लागलीय का?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, बोलू नकोस. गळ्यात हात टाक माझ्या."

"पलंगाखालचा डबा घे आधी."

"मरू दे तो डबा!"

"घे म्हणते ना!"

मी डबा काखेत मारला. त्यांना उचलून जिना उतरलो, रस्त्यापलीकडच्या बाकावर बसवलं, तेव्हा कुठे मी श्वास घेतला. डबा बिस्किटांचा होता, पण भलताच जड. इडवालने तो उघडला. आत छताच्या नक्षीचे तुकडे काठोकाठ भरले होते, द्राक्षं, पानं, चुन्याचे खपले.

"हे कधीपासून पडतंय?"

"ईस्टरपासून. रोज उशीवर."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तू खाली हातोडा घालत होतास, ते मला ऐकू आलं नसेल होय? सांगितलं असतं तर कुणालातरी बोलवावं लागलं असतं. मग तुला धरून नेलं असतं ना रे."

इडवाल त्यांच्या पायाशी फुटपाथवरच बसला. डबा त्याने मांडीवरून खाली ठेवला नाही, कौन्सिलची गाडी आली तरी.