जिन्यावरचा सूड

वर्गात मोठ्याने वाचताना एकदाच तिची जीभ अडखळली आणि पुढच्या बाकावरच्या तोरेबाज मुलीने, महाराणीने, तिचं बारसंच करून टाकलं. "टे-टे-टेंपरेचर!" झालं! तेव्हापासून ती टेटे. डबा खाताना टेटे, मैदानावर टेटे. शाळेचे शिपाईकाकासुद्धा टेटे म्हणायला लागले.

टेटेची आत्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत इंग्रजीत कच्च्या मुलांना शिकवायची. तिची तऱ्हाच निराळी. पुस्तक बाजूला ठेवायचं आणि जिना चढायचा. एका पायरीला एक शब्द, अर्थासकट, खणखणीत. चुकलं की तळाशी, पुन्हा पहिल्यापासून. टेटेची जीभ याच जिन्यावर सुटली होती.

आणि एका संध्याकाळी आईच्या पाठीमागे लपत तिथे कोण यावं? साक्षात महाराणी! तोंडी परीक्षेत नापास झाली तर तिचं वर्ष जाणार होतं.

"हिला तू बघ गं," आत्या म्हणाली. टेटेच्या मनात नुसत्या उकळ्या फुटल्या. हिला इतकं पिदडायचं की पळूनच गेली पाहिजे. मग बस नापास होऊन!

"हळू बोललीस. खाली."

"अगं, पण बरोबर होतं!"

"उलट बोललीस. खाली."

"पाय मोडले गं माझे!"

"जीभ शाबूत आहे ना? खाली!"

पण महाराणी पळेना. धापा टाकत, लालेलाल होऊन रोज हजर!

परीक्षेच्या दिवशी टेटे दाराबाहेर फटीला कान-डोळे लावून उभी राहिली. आता अडखळेल, मग अडखळेल. छे! आत महाराणी टेबलाखाली पाय आपटत होती, जणू जिनाच चढत होती, आणि शब्द धबाधबा कोसळत होते. टेटेला घामच फुटला. विनाकारण खाली पाठवून पाठवून तिनेच ते सगळे शब्द महाराणीकडून घोटून घेतले होते. शत्रूच्या सुरीला स्वतःच धार लावून दिली होती!

निकाल लागला तशी महाराणी धावत जिन्याशी आली. "टेटे, पास झाले गं! तुझ्यामुळे!"

"अजून एक शब्द राहिलाय," ती दातओठ खात म्हणाली.

"कुठला?"

"माझं नाव. खरं. पायरीपायरीवर, लाँड्रीत ऐकू जाईल असं."

महाराणी गोरीमोरी झाली, पण चढायला लागली. नाव घुमायला लागलं. लाँड्रीवाले काका इस्त्री उभी करून बघत राहिले. अर्ध्या जिन्यावर मात्र जुनी खोड उसळलीच.

"टे..."

"खाली!" ती कडाडली. इतकं गारगार तिला कधीच वाटलं नव्हतं.