रंगाखालचं लाकूड

लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हा पश्चिमेकडच्या खोलीची एकही खिडकी उघडत नव्हती. सासरे, म्हणजे अण्णा, छापखान्यातून निवृत्त झालेले. दरवर्षी पाऊस तोंडावर आला की ते शिडी लावायचे आणि बाहेरून चौकटींवर हिरव्या ऑइलपेंटचा जाड हात मारायचे. जुना रंग खरवडणं वगैरे भानगड नाही. एकावर एक थर चढून झडपा चौकटीला कायमच्या चिकटल्या होत्या. तिचा नवरा म्हणायचा, हे घर विटांवर नाही, अण्णांच्या रंगावर उभं आहे.

तिचं शिलाई मशीन त्याच खोलीत होतं. उन्हाळ्यात दुपारी तिथे जीव नकोसा व्हायचा. अण्णा लेकीकडे राहायला गेले, तेव्हा तिने मनाचा हिय्या केला आणि भाजीच्या सुरीने झडपेच्या फटीतला रंग कापायला घेतला. बऱ्याच खटपटीनंतर झडप सुटली, पण तिच्याबरोबर चौकटीचा खालचा कोपराही हातात आला. वरून रंग कसा गुळगुळीत, चकचकीत. आत लाकडाचा ओला भुगा.

सुतार आला. त्याने चौकट ठिकठिकाणी ठोकून पाहिली. वरचं आणि बाजूचं लाकूड खणखणीत होतं, फक्त खालची आडवी पट्टी कुजली होती. कोपऱ्यातल्या बारीक चिरेतून पाणी आत गेलं होतं, आणि जाड रंगामुळे ते वाळून बाहेर पडायला वाव नव्हता. पाणी खाली ठिबकावं म्हणून पट्टीच्या पोटाशी पाडलेली खाचही रंगाने बुजली होती. तेवढा तुकडा बदलला की काम होईल, असं तो म्हणाला.

नवऱ्याने सोपा उपाय सुचवला. अण्णा यायच्या आत तुकडा बसवायचा, वर हिरवा रंग फासायचा, त्यांना पत्ताही लागणार नाही. तिलाही मोह झाला. पण मग पुढच्या वर्षी अण्णा पुन्हा डबा घेऊन शिडीवर चढणार, हे तिला दिसत होतं. तिने सुताराला थांबायला सांगितलं.

अण्णा परतले. तिने त्यांना खिडकीपाशी नेलं आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. अण्णांनी भुग्यात बोट घातलं. ते पेरभर आत गेलं.

"म्हणजे मीच खाल्लं हे लाकूड," ते म्हणाले.

"बाकीचं तुमच्या रंगानेच राखलंय, अण्णा. ते सुतारानेही पाहिलंय."

अण्णा खिडकीकडेच बघत म्हणाले, "तुझी सासू आजारी होती, तेव्हा तिची खाट इथे होती. एकदा पावसात या फटीतून पाणी तिच्या अंथरुणावर आलं. ती काही बोलली नाही, नुसती सरकून झोपली. त्यानंतर मी फट म्हणून ठेवली नाही."

तिने खुर्ची आणून त्यांच्याजवळ ठेवली आणि स्वतः शेजारी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सुतार पटाशी आणि रंधा घेऊन आला. अण्णा आधी दारातून पाहत होते, मग हळूहळू खुर्ची सरकवत जवळ आले. नव्या पट्टीला बाहेरच्या अंगाला उतार कशाला, जवसाचं तेल किती मुरू द्यायचं, रंगाचे थर पातळ का हवेत, असे प्रश्न विचारून त्यांनी सुताराला भंडावून सोडलं. शेवटी सुतारानेच त्यांच्या हातात पॉलिश पेपर दिला. तेवढाच निवांतपणा.

शेजारची खिडकी अण्णांनी स्वतः खरवडली. कुणी हात लावलेला त्यांना खपेना. नाकाला रुमाल बांधून ते रोज सकाळी थोडं थोडं काम करत. हिरव्या रंगाच्या साली अंगणात पडत. त्या खिडकीचं लाकूड खालपर्यंत शाबूत निघालं, तेव्हा त्यांनी लेकीला मुद्दाम फोन करून ती बातमी दिली.

त्या खिडकीचा नवा रंग पुरता वाळल्यावर त्यांनी तिला आतून ढकलायला सांगितलं आणि स्वतः बाहेरून झडप धरली. बिजागऱ्या कुरकुरल्या आणि झडप उघडली. आत मशीनवरचं कापड वाऱ्याने फडफडलं. दोघं एकमेकांसमोर उभे होते, मध्ये नुसती चौकट. झडप उघडताना उडालेली धूळ अण्णांच्या भुवयांवर बसली होती. तिला हसू आलं आणि तेही हसले.

"आता बाहेर आलोच आहे, तर चहा इथूनच दे," अण्णा म्हणाले.