कोरडे चार टोल

एकतीस डिसेंबरच्या सकाळी अकरासुद्धा वाजले नव्हते आणि बेनिग्ना माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकात घड्याळाखाली येऊन उभी. बारा वाजायला तासाहून जास्त वेळ. एवढ्या लवकर येऊन थंडीत कुडकुडायचं काही कारण होतं का? मुळीच नव्हतं. पण घरात तरी काय होतं? रिकामी खुर्ची, आणि तिच्यावर नवऱ्याचा, सातुरचा, लोकरी गळपट्टा. तो उचलून कपाटात ठेवायचं गेले आठ महिने राहूनच जात होतं.

कोटाच्या खिशात मुरांब्याची छोटी काचेची बाटली होती. तिच्यात बारा द्राक्षं, सोललेली, बिया काढलेली. खिशात हात घालून ती दर दोन मिनिटांनी झाकण चाचपत होती.

रात्रीचे टोल खरे आणि दुपारचे म्हणजे रंगीत तालीम, हे माद्रिदमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण रात्री या चौकात पाऊल ठेवायला जागा नसते, आणि नुसता धिंगाणा. म्हातारीकोतारी माणसं आणि लेकुरवाळ्या बाया दुपारीच येतात, बाराच्या टोलांवर बारा द्राक्षं खातात, वर्षाचे बारा महिने सुखाचे जावोत म्हणतात आणि जेवायला घरी जातात. बेनिग्ना आणि सातुर एकेचाळीस वर्षं येत होते.

गोम आहे ती वेगळीच. बारा टोल पडायच्या आधी ते घड्याळ चार जोडटोल देतं. टण-टण, टण-टण, असे चार. ते नुसते सावध करायला असतात, त्यांच्यावर द्राक्ष खायचं नसतं. आणि अख्खा देश दरवर्षी तिथंच फसतो! घड्याळ वाजलं रे वाजलं की हात तोंडाकडे गेलाच. बेनिग्ना तर दरवर्षी फसायची. म्हणून सातुर तिचं मनगट पकडून ठेवायचा. चौतीस वर्षं शहरात बस चालवलेला माणूस तो, सिग्नल पडेपर्यंत थांबायचं त्याच्या हाडीमांसी खिळलेलं.

"दम धर," म्हणायचा. "अगं बाई, दम धर! कुणी पळवतंय का तुझी द्राक्षं?"

"सोड रे, दुखतंय."

"दुखू दे. चौथा जोडटोल… झाला… हं, आता!"

असं चाळीस वर्षं चाललं. एकेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, सातुरला खोकला झालेला. एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात बाटली, मनगट धरायला तिसरा हात आणणार कुठून? पहिला जोडटोल पडला आणि बेनिग्नानं द्राक्ष तोंडात टाकलं. दुसऱ्याला दुसरं. चार जोडटोलांत चार द्राक्षं फस्त! सातुरनं बघितलं आणि हसून हसून त्याची खोकल्याची उबळ थांबेना. आठव्या टोलापर्यंत तिची बाटली रिकामी झाली. शेवटचे चार टोल कोरडे गेले.

"हे घे, माझ्यातली घे," सातुर म्हणाला.

"नकोत मला!" असं म्हणून ती फुगून बसली. परतीच्या वाटेवर मेट्रोत त्याच्याशी बोललीसुद्धा नाही.

आणि एप्रिलमध्ये सातुर गेला. खोकला साधा नव्हताच. एप्रिल म्हणजे चौथा महिना. चार द्राक्षं, चार कोरडे टोल, चौथा महिना. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना हा हिशेब तिच्या डोक्यात बसला तो बसलाच. मी केलं हे, माझ्या हावरटपणानं केलं, असं ती रोज उठून स्वतःला म्हणायची. बोलणार कुणाकडे? लोक वेड्यात काढतील. मुलीकडे बोलायची तर सोयच नव्हती.

मुलगी नोएलिया सारागोसाला होती. एकेचाळिसावं वर्ष, दोनदा पोट रिकामं झालेलं, आणि आता तिसऱ्या खेपेला दिवस भरत आलेले. जानेवारीच्या मध्यावर तारीख. आज सकाळीच तिचा फोन आला होता.

"आई, ये ना गं इकडे. एकटी काय बसतेस तिथं? गाडीनं सव्वा तासात पोहोचशील."

"परवा येते."

"परवा का? आज काय आहे?"

"काम आहे मला," बेनिग्ना म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

काम हेच होतं. या वर्षी बाराच्या बारा द्राक्षं बरोब्बर टोलांवर खायची. एकही चुकवायचं नाही. सातुरचं वर्ष आपण घालवलं, आता त्या पोटातल्या जिवाचं घालवायचं नाही. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतेस का, असं तिला कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, छे, मी काय अडाणी आहे? आणि तरी काल संध्याकाळी डोळ्यात तेल घालून ती द्राक्षं सोलत बसली होती. आधी हे काम सातुर करायचा. तिच्याच केसातला आकडा घ्यायचा आणि बी अलगद बाहेर काढायचा. डब्यातली तयार सोललेली द्राक्षं मिळतात, ती बघून त्याला शिसारी यायची. बेनिग्नाला आकडा नीट जमला नाही, अंगठ्याला टोचला. आणि सोलून झाल्यावर बघते तर चोवीस! हाताला सवय चोवीसची. उरलेली बारा वाटीत घालून तिनं झाकून ठेवली. खाववतही नव्हती, टाकवतही नव्हती.

साडेअकरापर्यंत चौक भरला. रंगीत केसांचे टोप घातलेले आजोबा, बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरी, भाजलेल्या चेस्टनटचा धूर. सगळे कुणा ना कुणाबरोबर होते. एका बाईनं बेनिग्नाला फोन दिला आणि म्हणाली, "आमचा फोटो काढता का जरा?" सातजण होते. बेनिग्नानं काढला. "तुमचा काढू?" बाईनं विचारलं. "नको, नको," बेनिग्ना म्हणाली. एकटीचा फोटो काढून दाखवायचा कुणाला?

तेवढ्यात उजव्या हाताला एक म्हातारा येऊन ठेपला. उंच, खांद्यात वाकलेला, कोटाचं एक बटण भलत्याच काजात. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात द्राक्षांचा घड, दुकानातून आणला तस्सा.

"बाई," तो म्हणाला, "यात बिया असतात का हो?"

"असतात तर!"

"मेलो. मग थुंकायच्या कुठं?"

"काढून आणायच्या असतात. सालंसुद्धा."

तिनं खिशातून काढून दाखवलेली बाटली बघून त्यानं मान डोलावली. "व्वा! ही तर अगदी बाळसेदार. मला कसं ठाऊक असणार? माझ्या हातात तयार यायची दरवर्षी. माझं नाव लिबोरिओ."

"बेनिग्ना. पण आता माझ्याशी बोलू नका. मला मोजायचंय."

"मोजायचं काय त्यात? बारा वाजले की बारा खायची."

"तसं नसतं ते!" ती खेकसली, आणि मग तिलाच वाईट वाटलं. "आधी चार जोडटोल असतात. ते सोडून द्यायचे. ध्यानात ठेवा."

"ठेवलं," तो म्हणाला. ठेवलं नव्हतं, हे तोंडावरून दिसतच होतं.

बाराला दोन मिनिटं असताना बेनिग्नानं झाकण काढून खिशात टाकलं. चार जोडटोल, मग एकेक, चार जोडटोल, मग एकेक, असं ती पुटपुटत होती. नोएलियाचं बाळ, नोएलियाचं बाळ. बाराची खूण म्हणून घड्याळाच्या मनोऱ्यावरचा गोळा खाली सरकू लागला, पोरांनी आरोळी ठोकली.

टण-टण.

तिचा हात हलला नाही. शाब्बास, बेनिग्ना! पण बाजूला बघते तर लिबोरिओनं द्राक्ष उचलून ओठाशी नेलेलं. आणि काय झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. तिचा उजवा हात सुटला आणि त्यानं त्या परक्या माणसाचं मनगट गच्च पकडलं.

"दम धर!"

लिबोरिओ जागच्या जागी थिजला. टण-टण. टण-टण. तिच्या बोटांखाली त्याची नाडी उडत होती. हाडकुळं, गरम, जिवंत मनगट. किती महिन्यांत तिनं कुणाला हात लावला नव्हता! टण-टण.

"हं, आता!" ती म्हणाली.

पहिला टोल पडला. त्यानं खाल्लं, आणि बी दाताखाली आलं तसं तोंड वेडंवाकडं केलं. "गिळा," ती म्हणाली, "बीसकट गिळा! दुसरं. घ्या. तिसरं. थांबा… हं, घ्या." प्रत्येक टोलाला ती त्याचा हात सोडल्यासारखा करायची आणि पुन्हा धरायची. तो शहाण्या मुलासारखा खात होता, गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी. सहा. सात. आठ.

नवव्या टोलाला तिला डाव्या हातातल्या बाटलीची आठवण झाली.

बाटली भरलेली होती. अजून चार घेता आली असती, पण उजवा हात त्या मनगटावरून निघेना. निघायलाच तयार नाही. दहावा टोल पडला. अकरावा. बारावा. चौकात एकच जल्लोष उठला, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले, कागदाचे रंगीत तुकडे उडाले, आणि बेनिग्ना भरल्या बाटलीकडे बघत राहिली. गेल्या वर्षी चारच टोल कोरडे गेले होते.

"जमलं की!" लिबोरिओ कसाबसा घास गिळत म्हणाला. "बाराच्या बारा! बाई? अहो, तुमची तर तशीच आहेत."

"राहिली."

"मग खाऊन टाका. त्यात काय?"

"आता काय उपयोग?" ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. तोंडाला हात लावून, थोडंसं, सभ्य असं नाही. भर चौकात, लोकांच्या गर्दीत, हुंदके देऊन. तिनं त्याला सगळं सांगून टाकलं. खोकला, रुमाल, जोडटोल, चार कोरडे टोल, एप्रिल. मेट्रोत धरलेला अबोला. मुलगी आणि तिचं पोट. "मी मारलं हो त्याला," ती म्हणाली. "आणि आज बघा काय करून ठेवलं."

लिबोरिओ हसला नाही. त्यानं बेनिग्नाचा हात आपल्या मनगटावर तसाच राहू दिला.

"माझी ओब्दुलिया," तो म्हणाला, "सेहेचाळीस वर्षांत एकदाही चुकली नाही. एकदाही नाही. मोठ्यानं मोजायची, आणि मी घाई केली की बरगडीत कोपर. गेल्या वर्षीसुद्धा बाराव्या टोलाला बारावं द्राक्ष. घड्याळानं तिच्याकडून शिकावं."

"मग?"

"मग काय? सहा जानेवारीला गेली, तीन राजांच्या सणाला, पोरांना भेटी द्यायच्या दिवशी. सकाळी नातवंडांची खेळणी बांधत बसली होती, आणि तिथंच." त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तुमच्या माणसानं चार महिने तरी काढले, बाई. तेही चुकीची खाऊन."

बेनिग्ना त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. एकदाही चुकली नाही. आणि सहा दिवस.

लिबोरिओची सून चौकाच्या कडेला त्याची वाट बघत होती. हात हलवून बोलवत होती. "जेवायला नेतायत मला," तो ओशाळून म्हणाला. "तुम्ही…"

"मला पण जायचंय," बेनिग्ना चटकन म्हणाली आणि तिनं हात काढून घेतला. तो दोनदा मागं वळून बघत गेला. बटण चुकीच्या काजात आहे हे सांगायचं राहूनच गेलं.

चौक हळूहळू रिकामा व्हायला लागला. सफाईवाले कागद गोळा करू लागले. बेनिग्ना कारंज्याच्या कठड्यावर टेकली आणि तिनं एक द्राक्ष तोंडात टाकलं. गोड होतं. दुसरं खाल्लं. मग पुढची. घड्याळ गप्प होतं.

तर मग तिनं काही केलं नव्हतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. हायसं वाटायला पाहिजे होतं, नाही का? आठ महिने छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता. पण त्या धोंड्यापायी तिला दुसरं काही दिसतच नव्हतं, आणि आता दिसायला लागलं. सातुरला तिनं घालवलं नव्हतं. सातुर नुसता मेला होता. तो आता आकड्यानं बी काढणार नव्हता, तिच्यावर हसणार नव्हता, आणि पुढच्या वर्षी घाई केली तरी कुणी तिचं मनगट धरणार नव्हतं. बाळाचं जे व्हायचं ते होईल, त्यावरही तिच्या द्राक्षांची सत्ता नव्हती. जाऊन मुलीजवळ बसायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

तिनं फोन लावला.

"नोएलिया, चारच्या गाडीनं येते मी."

"येतेस? अगं, पण काय झालं? तुझा आवाज असा का येतोय? आई?"

"बाबा गेले गं, नोएलिया."

पलीकडून मुलगी अगदी हळू, जपून म्हणाली, "आई… बाबा एप्रिलमध्येच गेले."

"हो गं बाळा," बेनिग्ना म्हणाली. "मला आज कळलं."