चार नंबरच्या टेबलापाशी

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप. माझ्या झाकणाची उजवी बिजागरी तुटली आहे, म्हणून मला भिंतीला टेकवून उघडावे लागते. बॅटरीने केव्हाच मान टाकली. तारेतून वीज मिळते तोवर मी जागा असतो. मला खास असा आजार नाही, वयच झाले आहे. पाच वर्षे एका मुलीबरोबर राबलो आणि ती पाच वर्षे दोघांनाही जड गेली. तक्रार नाही, पण थकवा आहे. म्हणून जरा दमादमाने सांगतो.

माझा जन्म म्हणे एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. डोक्याला टोप्या घातलेली माणसे तिथे ओळीने बसत. एकाने माझा पडदा बसवला, एकीने स्क्रू आवळले, एकीने मला फडक्याने पुसून पुढे ढकलले. त्यांतला एकही चेहरा मला ठाऊक नाही, कारण तेव्हा माझा कॅमेरा सुरू झाला नव्हता. मग खोका आणि गोदाम, आणि पुन्हा नुसता अंधार. खोका उघडला तेव्हा समोर तीन माणसे होती. एक मुलगी, तिची आई आणि तिचा मामा.

मुलगी घरातले शेंडेफळ, म्हणून सगळे तिला शेंडू म्हणत. आई एका शाळेच्या ग्रंथालयात काम करत असे. मामा इलेक्ट्रिशियन होता. भाचीला विद्यापीठात प्रवेश मिळाला म्हणून मला त्यानेच आणले होते.

"पण तू नक्की शिकणार काय? व्यवसाय की कॉम्प्युटर?" मामाने विचारले.

"दोन्ही."

"दोन्ही म्हणजे?"

"धंदा कसा चालतो ते, आणि त्याच्यासाठी प्रोग्रॅम कसे लिहायचे ते. चार महिने वर्गात, चार महिने नोकरीवर. मग परत वर्ग, परत नोकरी. को-ऑप म्हणतात त्याला."

मामाने आईकडे पाहिले. "म्हणजे हिची शाळाही सुटणार नाही आणि ऑफिसही."

तिघेही हसले. पुढच्या काही वर्षांत शेंडूला या वाक्याचे फारसे हसू आले नाही.

वर्गात तिची मोठी पंचाईत होई. कॉम्प्युटरची मुले तिला धंदेवाली समजत. व्यवसायाची मुले तिच्यापुढे आपले बिघडलेले प्रिंटर आणून ठेवत. गटात काम वाटताना दोन्हीकडे ती उरलेलीच असायची. "दोन घरचा पाहुणा उपाशी," ती एकदा माझ्या पडद्याकडे बघत स्वतःशीच म्हणाली आणि पुढे लिहू लागली. सकाळी बाजारपेठेवरची परीक्षा, दुपारी डेटाबेसचे प्रात्यक्षिक, मधल्या वेळेत पुढच्या नोकरीचे अर्ज. मुलाखती माझ्याच कॅमेऱ्यातून होत. वर इस्त्रीचा शर्ट, खाली घरातली ढगळ विजार. पहिल्या वर्षी बेचाळीस ठिकाणांहून नकार आले. 'आपल्याला कळवताना आम्हांला खेद होतो' हे वाक्य मला इतके पाठ झाले की पहिले दोन शब्द उमटताच पुढचे सगळे समजे.

दर चार महिन्यांनी खोली बदलायची. पाच वर्षांत पंधरा खोल्या झाल्या. एका खोलीची खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. एका खोलीत टेबलच नव्हते, तिथे मी चार महिने इस्त्रीच्या फळीवर काढले. प्रत्येक वेळी मला टॉवेलात गुंडाळून सॅकमध्ये घातले जाई, आणि नव्या जागी बाहेर निघालो की तिचा चेहरा आधीपेक्षा थोडा ओढलेला दिसे.

पहिली नोकरी विम्याच्या कचेरीत मिळाली. एका तक्त्यातली नावे दुसऱ्या तक्त्यात नेण्यातच चार महिने गेले. दुसरी बस कंपनीच्या तक्रार विभागात. तिथे ती लोकांची बोलणी ऐके आणि माझ्यात त्यांची वर्गवारी करी. या काळात मला कौतुकही मिळाले, ते सांगायला हवे. कोणी नवा लॅपटॉप घेतला की शेंडू मला थोपटून म्हणे, "आमचा गडी चिवट आहे." एकदा अर्धा कप चहा पोटात जाऊनही मी दुसऱ्या दिवशी चालू झालो होतो. त्या शब्दांवर मी पुष्कळ दिवस काढले.

तिसरी नोकरी मात्र मी विसरू शकत नाही.

तो कपडे धुण्याचा कारखाना होता. शहरातल्या इस्पितळांच्या चादरी तिथे येत. धुऊन, वाळवून, इस्त्री होऊन त्या पाच टेबलांवर घडीला जात. प्रत्येक चादरीच्या काठात नखाएवढी चिप शिवलेली होती. घडी घातलेली चादर टेबलाच्या टोकाला असलेल्या चौकटीखालून गेली की एक आकडा वाढे. ते आकडे गोळा करून कोणत्या टेबलावर किती काम होते हे दाखवणारा प्रोग्रॅम शेंडूने लिहायचा होता. व्यवसाय आणि तंत्र, दोन्ही एकाच कामात. ती हरखून गेली होती. पहिल्यांदाच तिला आपण कुठेतरी नीट बसतो असे वाटत होते.

प्रोग्रॅम छान झाला. पाच टेबलांच्या पाच रेषा माझ्या पडद्यावर उमटल्या. चार हिरव्या आणि एक लाल. चार नंबरच्या टेबलावर इतरांच्या जेमतेम निम्म्या चादरी होत होत्या.

व्यवस्थापक वाकून बघत राहिला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्या डोक्यावरही कोणी तरी बसलेले होते.

"हे मला दोन वर्षं कोणी दाखवलं नाही," तो म्हणाला. "शुक्रवारी वरचे लोक येतायत, त्यांना हेच दाखव. चार नंबर बंदच करून टाकू. तीन माणसं कमी होतील. आणि विद्यापीठाला जाणारा तुझा शेरा 'उत्कृष्ट', त्याची काळजी सोड. पदवी झाली की इथेच ये."

त्या संध्याकाळी शेंडूने आईला फोन लावून हे सगळे सांगितले. 'तीन माणसं' हे शब्द मात्र तिने गाळले. मी ऐकत होतो.

मंगळवारी दुपारी कारखान्याच्या वरच्या मजल्यावर ती बसायची त्या ऑफिसातले वायरिंग दुरुस्तीला काढले. माझी बॅटरी तेव्हाही दहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हती. खाली कारखान्यात मोकळा सॉकेट एकच होता, चार नंबरच्या टेबलाच्या पायाशी. शेंडू अवघडली. पण दुसरा इलाज नव्हता.

त्या टेबलावर तिघी होत्या. सर्वांत वयस्कर बाईला सगळे काकू म्हणत. "बस की," काकू म्हणाल्या. "वायर तेवढी पायात येऊ देऊ नकोस."

शेंडू स्टुलावर बसली, मला मांडीवर घेतले आणि शुक्रवारच्या अहवालाचे वाक्य टाइप करू लागली. शेजारी काकूंनी एक चादर उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, तिच्यावरून तळहात फिरवला आणि ती निळ्या टोपलीत टाकली. दुसरी उचलली. तीही टोपलीत. तिसरीची घडी घातली. तेवढ्यात दोन नंबरच्या टेबलावरून एक जण दहा-बारा चादरींचा गठ्ठा घेऊन आली. "काकू, या जरा बघा. शंका आहे." आणि ठेवून गेली.

शेंडूची बोटे माझ्यावर थांबली.

"काकू, या टोपलीतल्या कुठे जातात?"

"काही शिवायला, काही परत धुवायला. अगदीच गेलेल्यांची फडकी करतात."

"आणि दोन नंबरच्या तुमच्याकडे कशाला?"

"शंकेच्या सगळ्या इकडेच येतात. पहिल्यापासून तसंच आहे. त्यांचे हात भरभर चालतात, आमचे डोळे." काकूंनी ॲप्रनच्या खिशातून एक चपटी डबी काढून उघडली. आत मोडक्या सुईचा तुकडा होता, दोन चिमटे, काचेची कपची. "हे या महिन्याचं. धुऊन आलेल्या चादरींत निघालं. कोणाच्या तरी पाठीत गेलं असतं."

"हे तुम्ही वर दाखवलं नाहीत?"

"कोणी विचारलं नाही."

शेंडू टेबलाच्या टोकाच्या चौकटीकडे बघत राहिली. "या तर तिथून जातच नाहीत," ती हळूच म्हणाली.

"तिथून चांगल्या जातात. फाटक्या कशाला जातील?" काकूंनी डबी मिटली आणि माझ्या पडद्याकडे हनुवटीने खूण केली. "ती लाल रेघ आमची ना?"

शेंडूला खोटे बोलता आले नाही. "हो."

"वाटलंच. चांगल्या गोष्टीला लाल कोण लावतं."

शेंडूने झाकण मिटले. माझ्या झाकणावर तिची बोटे बराच वेळ होती. गप्प बसणे सोपे होते, मित्रांनो. तिचे दोनच आठवडे उरले होते. नंतर ती वर्गात परत जाणार, कोणी तिला जाब विचारला नसता.

पुन्हा झाकण उघडले तेव्हा आम्ही व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये होतो.

"सर, माझी चूक झाली आहे," ती म्हणाली. "मी फक्त घडीच्या चादरी मोजल्या. चार नंबर जे अडवतं, ते मोजलंच नाही."

"आकडे यंत्राने दिलेत. त्यात तुझी चूक कसली?"

"यंत्र कुठे लावलंय ते मी बघितलं नाही. खाली जाऊन उभीही राहिले नाही."

व्यवस्थापकाने डोळे चोळले. "अगं, मी कालच वर कळवून बसलोय. आता मी काय तोंड दाखवू?"

"मला दोन दिवस द्या. मी हाताने मोजते."

त्याने कॅलेंडरवरच्या शुक्रवारकडे पाहिले. मग म्हणाला, "मोज. पण हे वर तू सांगायचंस. मी नाही."

बुधवार आणि गुरुवार ती टोपलीशेजारी उभी राहिली. हातात वही आणि पेन्सिल. प्रत्येक चादरीला एक काडी, कुठल्या टेबलावरून आली तेही. संध्याकाळी पायांना सूज आलेली असे. आईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बसला होता.

"आई, मला ना धड धंदा कळतो, ना धड प्रोग्रॅम."

"मग तीन वर्षं केलंस काय?"

"मोजायला शिकले. काय मोजायचं ते नाही शिकले."

"ते आता शिकते आहेस," आई म्हणाली. "जेवलीस का?"

शुक्रवारी वरच्या लोकांसमोर तिने आधी लाल रेषा दाखवली, मग ती खोटी का ते सांगितले, मग वहीची पाने समोर ठेवली. सगळ्या कारखान्यातल्या खराब चादरी त्या एका टेबलावर अडत होत्या. काकूंची डबीही तिने मागून आणली होती. ती टेबलावरून हातोहात फिरली.

चार नंबरचे टेबल राहिले. पण तिघींपैकी दोघीच राहिल्या. तिसरीला वाळवण विभागात पाठवले, तिथे भट्टीजवळ दिवसभर उभे राहावे लागते. निळ्या टोपलीवरही एक चौकट बसली, आणि शेंडूने तिचे आकडे प्रोग्रॅममध्ये घेतले. तिच्या कागदावर शेरा आला, 'समाधानकारक. अहवाल ठरल्याप्रमाणे सादर केला नाही.' पुन्हा इथेच ये, असे कोणी म्हणाले नाही. तो शेरा तिने माझ्या पडद्यावर दोनदा वाचला.

शेवटच्या दिवशी ती काकूंना भेटायला गेली. मी सॅकमध्ये होतो, तरी आवाज येत होता.

"तिसरीला वाचवता आलं नाही मला," शेंडू म्हणाली.

"पहिल्यांदा तर तू तिघींनाही घालवलं होतंस," काकू म्हणाल्या. "त्या मानानं बरंच की."

काकू हसल्या, आणि चादर झटकल्याचा आवाज आला.

त्यानंतर मी आणखी दोन वर्षे चाललो. त्या कारखान्यातला सुताचा बारीक केर माझ्या पंख्यात कायमचा बसला होता. मी लवकर तापत असे, घरघरत असे, मधेच थिजत असे. शेंडू थांबून राही. पदवी झाली, नोकरी लागली. कारखान्यांची कामे समजून घेऊन त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत. तिथे तिला पातळ, चकचकीत, नवा लॅपटॉप मिळाला. मी आईच्या कपाटात गेलो, जुन्या टॉवेलांच्या खाली. वर्ष गेले की जास्त, सांगता येत नाही. तिथे तारीख कळत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची थोडी काळजी घ्या. पंख्याच्या जाळीतली धूळ काढा. तार धरून ओढू नका. चहा लांब ठेवा. आमचे पुष्कळसे म्हातारपण पुढे ढकलता येते. माणसांचेही तसेच आहे, असे मी पाहिले. कोणी मागे पडलेले दिसले, तर त्याच्या नावापुढे आकडा लिहिण्याआधी थोडा वेळ त्याच्याशेजारी बसा. दिवसभर तो काय करतो ते विचारा. विचारल्याशिवाय माणसे सांगत नाहीत.

परवा शेंडू घरी आली होती. तिच्या हाताखाली को-ऑपची एक नवी विद्यार्थिनी आली आहे, आणि तिला दाखवायला चार नंबरपाशी भरलेल्या त्या वहीच्या पानांचे, तेव्हा काढून ठेवलेले फोटो हवे होते. ते फक्त माझ्यात होते. तिने मला स्वयंपाकघरातल्या भिंतीला टेकवले, तार लावली, बटण दाबले. पडदा काळाच राहिला. पंखा खोकला, थांबला, पुन्हा खोकला.

"टाक ना तो आता," आई म्हणाली. "किती वेळ बसशील?"

"बसते," शेंडू म्हणाली आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली.

अकरा मिनिटे लागली. पण मी उघडलो.