पिवळी रेघ

भगवंतने ब्रेकपॅड दोन्ही अंगठ्यांनी दाबला आणि त्यावरचा थर पत्र्यापासून अलगद सुटून त्याच्या मांडीवर पडला. टोंकखुर्दच्या गिऱ्हाइकाने गाडी वेळेत आणली म्हणून वाचला, नाहीतर ब्रेक दाबूनही गाडी थांबली नसती. कंपनीचं नाव छापलेले हे नकली पॅड भगवंतने इंदूरहून आणले होते, दोनच सेट. दुसरा त्याने दीपेश नावाच्या गिऱ्हाइकाच्या व्हॅनला पुढे बसवला होता, आणि ती व्हॅन दीपेशने गेल्या महिन्यात ओळखीच्याच अशोकला विकली होती.

सुटलेला पॅड खिशात टाकून तो तसाच काळ्या हातांनी गॅरेजमधून स्कूटरवर निघाला.

अशोकच्या दारात व्हॅन भरलेली होती. बायका, पोरं, जेवणाचे डबे, सगळे मांडूचा किल्ला बघायला निघालेले. एरवी पीथमपूरच्या कारखान्यात शिफ्ट ओढणाऱ्या अशोकने हा रविवार घरच्यांसाठी राखला होता.

“भिया, पुढचे ब्रेक जरा खोलून बघू द्या. अर्धा तास लागेल.”

“कालच सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पास केलेत.” अशोकने वाकून चाकाच्या आतल्या बोल्टवरची पिवळी रेघ दाखवली. “हे कंपनीचं निशाण. बाहेरच्यानं खोललं की वॉरंटी गेली समज.”

“ती रेघ माझी आहे.”

अशोक मोठ्याने हसला.

कंपनी बोल्ट कसते आणि त्यावर रंगाची रेघ ओढते. बोल्ट फिरवला की रेघ तुटते. स्वस्त माल बसवला तरी गिऱ्हाइकाची वॉरंटी शाबूत राहावी म्हणून भगवंत तीच रेघ पुन्हा ओढून द्यायचा. इतक्या वर्षांत एकाही सर्व्हिस सेंटरला ती ओळखता आली नव्हती, आणि याचा त्याला कोण अभिमान! आज मात्र तीच रेघ त्याच्या आड आली होती.

त्याने स्कूटरच्या डिकीतून रंगाची बाटली काढली, बारीक ब्रश बुडवला आणि शेजारच्या कोऱ्या बोल्टवर एक रेघ ओढली. अशोकने या रेघेकडे पाहिलं, मग त्या रेघेकडे. त्याचं हसू मावळलं. भगवंतने खिशातला पॅड त्याच्या हातावर ठेवला.

“कोणाला बोललास?”

“नाही.”

“मग बोलू पण नको. सगळे तयार होऊन बसलेत, आई केव्हाची खोळंबलीय. संध्याकाळी आलो की खोल, आणि रेघ परत मार.”

“घाट आहे, भिया.”

“हळू चालवतो ना यार.”

खिडकीतून अशोकची आई, पार्वतीकाकू, डोकावली. “काय रे भगवंता, तूपण चल की! पोळ्या भरपूर आहेत.”

भगवंतने तोंड उघडलं. एकदा ओरडून सांगितलं असतं तर सगळे खाली उतरले असते. मग पोलीस आले असते, आणि देवासभर त्याने रेघ ओढलेल्या गाड्या एकेक करून उघडल्या गेल्या असत्या. त्याला स्वतःची किळस आली.

“येतो, काकू,” तो म्हणाला.

पुढे बसलेल्या अशोकच्या पोरीला, शिवानीला, मागे पाठवून तो अशोकशेजारी बसला. गाडी गल्लीतून बाहेर पडली. हँडब्रेक मागच्या चाकांचा. तेवढाच काय तो भरवसा. भगवंतने उजवा हात त्याच्यावर घट्ट धरून ठेवला.

अशोकने तो हात पाहिला. काढ म्हणाला नाही.