तीन निळ्या जोंगा

आलोक पटेल पहिल्यांदा माझ्या ऑफिसात आले तेव्हा त्यांच्या हातात फोटोंचं पाकीट होतं. मी जबलपूरला एका विमा कंपनीत गाड्यांचं काम पाहते. लोक मोबाइलच पुढे करतात. यांनी फोटो छापून आणले होते. फोटोत एक निळी जोंगा होती.

बाहेरगावच्या माणसाला जोंगा म्हणजे काय ते सांगावं लागतं. फौजेसाठी आमच्याच व्हीकल फॅक्टरीत बनायची ती. जीपहून मोठी, रुंद नाकाची आणि कायम हिरवी. नव्वदच्या दशकात थोडे दिवस ती साध्या लोकांनाही विकली गेली. फौजेनं लिलावात काढलेल्या जोंगा आजही दिसतात, पण फॅक्टरीतून थेट एखाद्याच्या दारी गेलेली मात्र शोधावी लागते.

आलोकजींचं म्हणणं, त्यांची गाडी तशीच आहे. जबलपूरजवळच्या पाटणला त्यांचा धान्याचा व्यापार आहे. वडिलांनी ही गाडी कोरी घेतली होती, असं ते लहानपणापासून ऐकत आले होते. गेल्या वर्षी वडील वारले आणि नंतर इंदूरहून जुन्या गाड्यांचा एक शौकीन आला. त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि सांगून टाकलं, ही लिलावातली फौजी गाडी आहे, वरून निळा रंग मारलाय. आलोकजींना ती विकायची नव्हतीच. पण ते बोलणं त्यांच्या मनातून जाईना.

"दीदी, बाबूजी झूठ नहीं बोलते थे," ते एवढंच म्हणाले आणि फोटो सरळ करत बसले.

जुन्या गाडीचा वेगळा विमा करायचा तर ती किती दुर्मीळ आहे हे आम्हाला लिहावं लागतं. नोंदणीच्या कार्डावर १९९६ साल होतं, पण गाडी कुठून आली ते नव्हतं. नोंदणीचं जुनं पुस्तक वाळवीनं खाल्लेलं. मी शोधायला बसले. जोंगावाल्यांचे दोन-तीन गट आहेत इंटरनेटवर, तिथे विचारलं. कोणी म्हणे अशा गाड्या शंभरच निघाल्या, कोणी म्हणे दोनशे. कागद कोणाकडेच नव्हता. एका गृहस्थांनी मात्र ठामपणे लिहिलं, की पांढऱ्या होत्या, मरून होत्या, निळी कधी बनलीच नाही. खाली बारा लोकांनी त्याला होकार दिला.

हे सगळं करताना मी एका माणसाला विचारलंच नव्हतं. माझे वडील, लहानू रामटेके, त्या फॅक्टरीत एकोणचाळीस वर्षं होते. सगळी नोकरी पेंट शॉपमध्ये गेली. पण रिटायर झाल्यापासून त्यांनी फॅक्टरीचा विषय कधी काढला नाही, आणि आम्हालाही तो काढायची सवय राहिली नव्हती. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी आमच्या गढा मोहल्ल्याच्या बाजारापर्यंत चक्कर. त्यांचे हात आता थोडे थरथरतात, म्हणून चहा ते अर्धा कपच घेतात.

रविवारी मी त्यांच्यापुढे तो फोटो ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, फोटो उजेडाकडे नेला.

"ही आपली आहे," ते म्हणाले.

"आपली म्हणजे?"

"मी मारलेली. तीन होत्या निळ्या."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकच रंग मारला होता, फौजी हिरवा. तो रंग त्यांच्या रुमालात, डब्यात, कानाच्या पाळीत जाऊन बसायचा. मग एके दिवशी वेगळे डबे आले. पांढरे पुष्कळ, मरून काही, आणि एका कोपऱ्यात थोडासा निळा. देखरेखीवरच्या चार्जमननं विचारलं, निळा कोण मारतो? त्यात ओघळ लवकर दिसतात म्हणून कोणी पुढे होईना. बाबांनी हात वर केला. तीन गाड्यांत तो रंग संपला, पुन्हा आला नाही.

"मंग त्या दिवशी सारे काम सोडून बघत उभे," बाबा म्हणाले. "इतके वर्ष हिरवं पाहून डोळे मेले होते आमचे."

मला ते लगेच लिहून टाकावंसं वाटलं. पण मुलीनं वडिलांची साक्ष दिली तर ऑफिसात कोण मानणार? म्हणून मी बाबांना घेऊन फॅक्टरीजवळच्या रांझीला शालिग्राम काकांकडे गेले. ते तपासणी विभागात होते. रंग वाळला की गाडी त्यांच्याच हाताखालून पुढे जायची. दोघांची भेट सात-आठ वर्षांनी होत होती. काकांनी बाबांना हाताला धरून आत नेलं, काकूंनी पोहे केले. सगळं छान चाललं होतं. मग मी निळ्या गाडीचं विचारलं.

काकांनी मान हलवली. निळी नव्हती म्हणाले. एकही गाडी त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती, निळी असती तर आठवली असती. बाबांनी पुन्हा सांगितलं, तीन. काका हसले आणि म्हणाले, लहानू, आता वय झालं आपलं, काहीबाही दिसायला लागते.

घरी आल्यावर बाबा कपडे न बदलताच पलंगावर बसले. मला वाटलं, मी उगाच हे उकरून काढलं. त्यांचं जे शांतपणे ठेवलेलं होतं, तेही आता त्यांच्याजवळ राहिलं नाही.

आई मेथी निवडत होती. चंपाबाई म्हणजे माझी आई कधी फॅक्टरीच्या दाराच्या आत गेली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, मग जुडी बाजूला सारून विचारलं, "शालिग्राम काहून नाही म्हणते? तो होता कुठे तेव्हा?"

"ड्युटीवर असंल," बाबा म्हणाले.

"एप्रिलात त्याच्या पोरीचं लग्न नव्हतं का? महिनाभर भंडाऱ्याले जाऊन बसला होता. आपण जयंतीपायी गेलो नाही लग्नाले."

बाबांनी मान वर केली. आई माझ्याकडे वळली. त्या वर्षी जयंतीच्या आधी तुझ्या बाबाचे नखं निळे होते, ती म्हणाली. घासलेटानं घासले तरी निघत नव्हते. वस्तीतले लोक म्हणत, लहानूभाऊनं यंदा झेंडे रंगवायचं काम घेतलं वाटते. बाबा कोणाला काही सांगत नसत, नुसते हसत. चौदा एप्रिलला मिरवणुकीत तेच निळे हात घेऊन पुढे चालले.

"मी नाही घासले नीट," बाबा हळूच म्हणाले. "राहू दे म्हटलं जयंतीपर्यंत."

आईनं पुन्हा मेथी हातात घेतली. तीस वर्षांनी तिला ही गोष्ट कळत होती, पण तिनं नवल दाखवलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं पाटणला गेलो. आलोकजींनी गाडी गोदामाच्या सावलीत उभी केली होती. वरचा निळा रंग नवाच होता, कधीतरी पुन्हा मारलेला. तो पाहून बाबांचा चेहरा पडला. मग ते जवळ गेले. बॉनेट उघडायला सांगितलं, आत वाकले, जुना रंग इथे नाही म्हणाले. पुढची सीट काढायला सांगितली. सीटखाली अवजारांचा खण होता. तिथल्या झाकणाच्या आतल्या बाजूला जुना, फिका, मूळचा निळा शिल्लक होता.

बाबांनी आलोकजींकडून बारीक स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला. डाव्या हातानं उजवा हात मनगटाशी धरला. एका कोपऱ्यात नखाएवढं खरवडलं. निळ्याखाली लाल प्रायमर निघाला, आणि त्याखाली पत्रा.

"हिरवा नाही," ते म्हणाले. "फौजेची असती तर हिरवा निघाला असता. पत्र्यावर पहिला रंग हाच आहे."

आलोकजी खाली बसून पाहत राहिले. त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. मग उठून गोदामाच्या आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

त्या झाकणाच्या कडेला रंगाचा एक जाड ओघळ वाळून बसला होता. बाबांना तो दिसला आणि ते ओशाळले. हा तपासणीत पास व्हायला नको होता, म्हणाले. आलोकजींनी हात जोडून सांगितलं, दादाजी, हा ओघळ मी कोणाला घासू देणार नाही.

निघायच्या वेळी आलोकजींनी आम्हाला गाडीत बसायला सांगितलं. बाबा दाराशी घुटमळले. मला वाटलं पाय दुखतायत. तेव्हा कळलं, की हजारो जोंगा रंगवून हा माणूस चालत्या जोंगेत कधी बसला नव्हता. गाड्या चालवायचं काम दुसऱ्यांचं असे. ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून पेंट शॉपच्या लोकांना तर लांबच उभं करत. आईनं मागून त्यांच्या पाठीला हात लावला. ते चढले.

मटारच्या शेतांमधल्या रस्त्यानं आलोकजींनी गाडी हळू नेली. इंजिनाचा एवढा आवाज होता की बोलणं शक्यच नव्हतं. बाबा दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते, फोटो काढताना बसतात तसे.

विम्याच्या फॉर्मवर मी लिहिलं: एकूण बनलेल्या अशा गाड्यांची संख्या अज्ञात, निळ्या तीन, पैकी एक पाहिली. शालिग्राम काकांनी फोनवर भंडाऱ्याचं लग्न कबूल केलं आणि त्या महिन्यात आपण रजेवर होतो अशा कागदावर सहीही दिली. साहेबांनी कागद मंजूर केला.

आलोकजींनी त्या ओघळाचा फोटो बाबांच्या नंबरासकट जोंगावाल्यांच्या गटात टाकला. तेव्हापासून बाबांना फोन येतात. परवा उत्तराखंडातल्या कोटद्वारहून आला होता. बाबा अंगणात खुर्ची घेऊन बसले होते आणि त्या माणसाला हिंदीत समजावत होते, की पहिले सीट निकालो, फिर नाखून जितना खुरचो, उससे ज्यादा नहीं.