रोजच्या कामाचे तास

या, असे जवळ सरकून बसा. एका रकान्याची गोष्ट आहे, लहानशीच, पण ऐकाल तर मनात राहील. सकाळी सरकारी शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी शाळेत न्यायचा कागद टेबलावर ठेवला आणि क्रेन चालवणाऱ्या त्यांच्या नवऱ्याने तो उचलून वाचला. सरकारी शिक्षकांचा पगार इतर कामगारांपेक्षा कमी आहे की जास्त, हे ठरवायला सरकारच्या वेतन समितीने तो पाठवला होता. पगारवाढ त्यावरच अवलंबून होती. ‘रोजच्या कामाचे तास’ या रकान्यात बाईंनी सहा लिहिले होते.

“वा! सहाने भागलं तर ताशी तू माझ्यापेक्षा जास्त कमावतेस. मग बाईसाहेब, नवा पंखा तुमच्याकडून!”

“पुरे हं थट्टा. शाळा सहाच तास असते.”

“आणि काल संध्याकाळी मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन बसली होतीस, ते?”

“ते घरचं.”

“अगं, आम्ही क्रेनची शिडी चढतो तेवढा वेळसुद्धा कामात धरतो!”

बाई बोटांवर मोजू लागल्या. वह्या, उद्याच्या धड्याची तयारी, पालकांचे फोन. मग सहावर रेघ मारून त्यांनी दहा लिहिले.

शाळेत जाऊन पाहतात तो काय, बाकीच्या चौदाही कागदांवर सहा! कोणी कोणाला विचारलंसुद्धा नव्हतं. अकरा वाजता समितीचा माणूस गठ्ठा न्यायला येणार होता.

“दहा?” मुख्याध्यापिका मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. चौतीस वर्षं त्यांनी ही शाळा देव्हाऱ्यासारखी जपली होती. “अहो बाई, आपली ही सेवा. सेवेचे तास कोणी मोजतं का?”

“देव मोजत नाही, मोठ्या बाई. समिती मोजणार आहे. आणि आपण तिला खोटं सांगतोय.”

शिक्षकांच्या खोलीतले सगळे मोठ्या बाईंकडे पाहू लागले. मोठ्या बाई शुक्रवारी निवृत्त होणार होत्या. वाढ झालीच तरी ती पुढच्या वर्षापासून. त्यांच्या वाट्याला त्यातलं काही येणार नव्हतं. त्यांनी गठ्ठ्यातून आपला कागद ओढून काढला, खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. ओठ हलत होते. परत आल्या तेव्हा सहावर ठसठशीत रेघ होती आणि शेजारी बारा.

“घ्या आपापले कागद,” त्या म्हणाल्या. “अकरा वाजायला वीस मिनिटं आहेत.”

खुर्च्या सरकल्या.

तर मंडळी, त्या वाढीचं पुढे काय व्हायचं ते होवो. तुम्ही मात्र देवापुढे हात जोडाल तेव्हा कधीतरी, सेवेचेही तास खरे मोजणाऱ्या मोठ्या बाईंना आठवा.